प्रतीक्षाधीन

“तुम्ही कळवतो म्हणालात, म्हणून मी थांबलो.”

कॉल सेंटरनं आमच्या टीमकडे ढकललेल्या एका रेकॉर्डिंगमधलं हे वाक्य. आवाज सत्तरीच्या पुढचा, मागे कुकरच्या शिट्ट्या, मध्येच कुणाला तरी “अगं, गॅस बारीक कर” म्हणणं. बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पैसे आधी स्वतः भरलेले, आता विम्याचा दावा. दवाखान्याकडून एक कागद मागवलाय, सात दिवसांत कळवतो, असा मेसेज त्यांना आमच्या यंत्रणेनं पाठवला होता. त्याला एक्केचाळीस दिवस झाले होते. फोनवरची मुलगी विचारत होती की सर, तुम्ही आधी का नाही फोन केलात. त्यावर त्यांनी हे उत्तर दिलं, आणि तेही असं, की यात न समजण्यासारखं काय आहे! आवाजात राग नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं, कारण रागाचं काय करायचं ते आमच्याकडे ठरलेलं आहे. रागावलेल्या माणसाची तक्रार होते, तक्रारीला क्रमांक मिळतो, लाल रंग मिळतो. शहाण्यासारखं थांबून राहिलेल्या माणसाला आमच्या पडद्यावर रंगच नाही.

मी हे रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. खरं तर एकदा पुरेसं होतं.

मी जे काम करते त्याला ‘वर्कफ्लो’ म्हणतात. एखादा अर्ज कुणाकडून कुणाकडे जाणार, कुठे थांबणार, किती दिवस थांबणार, हे आधी चित्रात काढायचं आणि मग ते चित्रच यंत्राकडून चालवून घ्यायचं. चौकटी म्हणजे कामं, बाण म्हणजे वाटा, आणि जिथे थांबायचं तिथे एक छोटं वर्तुळ, वर्तुळात घड्याळाची तबकडी. तो टायमर. दवाखान्याकडून कागद येईपर्यंत दावा थांबेल, सात दिवसांत नाही आला तर दवाखान्याला स्मरणपत्र आणि पेशंटला मेसेज जाईल, असं आमचं चित्र सांगत होतं. ते मीच काढलं होतं. अशी वर्तुळं मी आजवर शेकड्यांनी काढली असतील. आता मागे वळून बघताना वाटतं, त्या तबकडीनंच मला इतकी वर्षं फसवलं. घड्याळ काढलं की ते चालतंय असं वाटतं. आत कुठेतरी टिकटिक होतेय, सातवा दिवस उजाडला की ते आपोआप खणखणेल, असं चित्र मनात तयार होतं. बोलतानाही आम्ही “टायमर वाजला नाही” असंच म्हणतो.

टायमर वाजत नसतो. आम्ही अशी चित्रं चालवणारं कामुंडा नावाचं सॉफ्टवेअर वापरतो, तिथे टायमर म्हणजे डेटाबेसच्या तक्त्यातली एक ओळ असते. त्या ओळीत लिहिलेलं असतं की या दाव्याचं पुढचं पाऊल अमुक तारखेला, अमुक वाजता टाकायचं. बस. ती ओळ टिकटिक करत नाही, आपली वेळ झाली हे तिला कळत नाही, ती कुणाला हाक मारत नाही. तिची वेळ झाली की नाही हे दुसऱ्याच कुणीतरी येऊन बघायचं असतं. त्या दुसऱ्याला जॉब एक्झिक्युटर म्हणतात. तो फिरत असतो. तक्त्यापाशी येतो, वेळ उलटून गेलेल्या आणि दुसऱ्या कुणी हातात न घेतलेल्या ओळी बघतो, मूळ सेटिंगमध्ये एका खेपेला जास्तीत जास्त तीन उचलतो, त्यांच्यावर पाच मिनिटांचं कुलूप लावतो म्हणजे दुसरा कुणी त्याच ओळी उचलणार नाही, आणि कामाला लावतो. काही सापडलं नाही तर पाच सेकंद टेकतो, पुन्हा येतो. तरीही काही नाही मिळालं तर विश्रांती वाढवत वाढवत मिनिटापर्यंत नेतो. म्हणजे टायमर ठरलेल्या क्षणाला कधी सुटतच नाही. त्या क्षणानंतर पहिल्यांदा जेव्हा कुणी बघेल तेव्हा तो सुटतो. आणि कुणी बघितलंच नाही तर काहीच होत नाही. चूक नाही, इशारा नाही, लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या रोजनिशीत, एक अक्षर नाही. नुसती ओळ पडून राहते.

लहानपणी माझ्या धाकट्या आत्याच्या लग्नात मला घटिकापात्रापाशी बसवलं होतं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. पाण्यानं भरलेलं घंगाळ, त्यात तरंगणारी तांब्याची वाटी, वाटीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. त्यातून पाणी हळूहळू आत येतं आणि चोवीस मिनिटांनी वाटी बुडते, की एक घटिका झाली. भटजींनी बजावलं होतं, “बुडली की मला सांगायचं हं, लक्ष ठेव.” मुहूर्त आपल्या हातात आहे या कल्पनेनं मी ताठ बसले. थोडा वेळ बघितलंही. वाटीत पाणी इतकं सावकाश चढत होतं की बघून बघून ते चढतंय हेच समजेनासं झालं. मग दाराशी बँडवाल्यांनी सूर लावला आणि माझी मान वळली. परत बघितलं तेव्हा वाटी घंगाळाच्या तळाशी होती, पाणी निवांत, अक्षता तरंगताहेत. बुडताना काही आवाज झालाही असेल, मला ऐकू आला नाही. केव्हा बुडली? आत्ता की दहा मिनिटांपूर्वी? पाण्याकडे बघून ते सांगता येत नव्हतं. मी रडकुंडीला येऊन भटजींकडे गेले. त्यांनी मनगटावरच्या एचएमटीकडे नजर टाकली, “अजून वेळ आहे” म्हणाले आणि वाटी पुन्हा तरंगत ठेवली. मुहूर्त एचएमटीवर चालला होता, मी शोभेला होते. तरी ती तळाशी गेलेली वाटी मला अजून दिसते, विशेषतः रात्री उशिरा तक्त्यासमोर बसलं की.

तर ती रात्र. रेकॉर्डिंग ऐकून झाल्यावर मी त्यांचा दावा क्रमांक टाकून ओळ शोधली. सापडली. तारीख चौतीस दिवसांपूर्वीची. शिल्लक प्रयत्न तीन, म्हणजे तिन्हीच्या तिन्ही. कुलूप नाही. चूक झाल्याचा निरोप नाही. स्थगित केलेली नाही. कुणी तिला हातच लावला नव्हता. आणि मग मी तो प्रश्न टाकला जो खरं तर आधी टाकायला हवा होता, की अशा किती? सहाशेच्या वर.

अशा वेळी पहिला संशय नेहमीच्या गिऱ्हाइकांवर जातो. एक म्हणजे ‘टी’. मुदत लिहायची एक आंतरराष्ट्रीय रीत आहे, त्यात ‘पी१एम’ म्हणजे एक महिना आणि ‘पीटी१एम’ म्हणजे एक मिनिट. एका अक्षरानं मिनिटाचा महिना होतो, आणि यंत्र कुरकुर करत नाही, कारण महिनाभर थांबणं हीही कायदेशीर इच्छा आहे. आमचं अक्षर बरोबर होतं. दुसरा संशय साडेपाच तासांचा. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, माणसं भारतीय वेळेवर, मध्ये कुणीतरी बेरीज विसरतं किंवा दोनदा करतं. इकडच्या प्रत्येक प्रोग्रामरची या साडेपाचाशी जुनी ओळख आहे. पडद्यावर १ जानेवारी १९७०, पहाटे ५.३० असं दिसलं की आम्ही समजतो, तारखेच्या जागी शून्य आहे, यंत्रानं काळाच्या आरंभापासून मोजलंय, आणि काळाचा आरंभ आपल्याकडे पहाटे साडेपाचला झाला. (मुंबईवाल्यांना तर ही बेरीज मुळातच अमान्य होती. १९०६ साली देशाची प्रमाणवेळ ठरली तरी या शहरानं एकोणचाळीस मिनिटं मागे असलेली स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. दोन घड्याळं सांभाळणारं शहर कसं चालत असेल, याचं मला आधी नवल वाटायचं. आता वाटत नाही, आमचे तीन सर्व्हर तसेच चालतात.) पण साडेपाच तासांची चूक साडेपाच तासच उशीर करते. चौतीस दिवस नाही. तिसरा संशय प्रयत्न संपल्याचा. काम तीनदा फसलं की यंत्र ते सोडून देतं आणि तशी नोंद करतं. इथे प्रयत्न शाबूत होते.

मग मी सगळ्यांत खात्रीची आणि सगळ्यांत फसवी चाचणी केली. नवा खोटा दावा टाकला, मुदत दोन मिनिटं. दोन मिनिटं आणि काही सेकंदांनी मेसेज माझ्या फोनवर. पुन्हा टाकला, पुन्हा आला. एक्झिक्युटर जिवंत होता, फिरत होता, काम करत होता. माझ्या फोनवर सहा-सात मेसेज येऊन पडले, “आपल्या दाव्यासंदर्भात कळविण्यात येते की,” आणि तिकडे सहाशे ओळी तशाच. त्या क्षणी मला यंत्राचा जो राग आला तो माणसावर यावा तसा होता. माझ्यासमोर टापटीप, मी वळले की ढिम्म.

टीममधल्या सगळ्यांत धाकट्या मुलाला ते दिसलं. तो माझ्या खांद्यावरून बघत होता, हातात चहाचा कागदी कप. म्हणाला, “मॅम, हा रकाना सगळ्यांचा सेम आहे.” प्रत्येक ओळीत ती ओळ कुठल्या आवृत्तीनं जन्माला घातली याचा एक लांबलचक, वाचायला कंटाळा येईल असा क्रमांक असतो. मी तो रकाना वर्षानुवर्षं सरकवून बाजूला करत आले. सहाशे ओळींचा तो क्रमांक एकच होता, आणि तो मागच्या आवृत्तीचा होता.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी संध्याकाळी (हो, शुक्रवारी, माहीत आहे) आम्ही नवी आवृत्ती बसवली होती. एकाहून जास्त सर्व्हर असले की एक सोय वापरतात. प्रत्येक सर्व्हरनं आपल्याकडे ज्या आवृत्त्यांची नोंद आहे तेवढ्यांच्याच ओळी उचलायच्या, दुसऱ्याचं काम आपल्याकडे आलं आणि त्याला लागणारा कोड आपल्याकडे नाही, असं होऊ नये म्हणून. कल्पना शहाणी आहे. पण नवा कोड चढवताना मागच्या आवृत्त्यांची नोंदही पुन्हा आपल्या नावावर घ्यायची की नाही, हे एका सेटिंगनं सांगावं लागतं. आमच्याकडे ते ‘नाही’ होतं. कुणी ठेवलं, का ठेवलं, याचा इतिहास आहे, त्यात दोन राजीनामे आहेत, ते जाऊ द्या. झालं असं, की सर्व्हर नव्यानं उठले, नव्या आवृत्तीच्या ओळी तत्परतेनं उचलू लागले, आणि जुन्या ओळींपाशी आले की पुढे जात राहिले. दर काही सेकंदांनी. ही फाइल आमच्या टेबलाची नाही.

माझे वडील, आप्पा, पंचायत समितीत लिपिक होते. त्यांच्या टेबलामागे लाकडी रॅक होतं आणि त्यात कापडात बांधलेले गठ्ठे. सरकारी भाषेत त्याला सहा गठ्ठे पद्धत म्हणतात. ज्यावर आत्ता काम करायचं ती प्रकरणं एका गठ्ठ्यात, कायमस्वरूपी आदेश दुसऱ्यात, नष्ट करायचे कागद आणखी कुठे. शाळा सुटली की मी कधी कधी तिथे जाऊन बसायचे. मला आवडायचा तो एकच गठ्ठा, त्याच्यावरच्या शब्दामुळे. प्रतीक्षाधीन. दुसऱ्या कार्यालयाकडून उत्तर यायचंय, तोवर काही करता येत नाही, अशी प्रकरणं त्यात. मला तो शब्द देवळातल्या शब्दासारखा वाटायचा. प्रत्येक प्रकरणाच्या कोपऱ्यात आप्पा लाल पेन्सिलीनं एक तारीख घालत आणि दर सोमवारी, साहेब यायच्या आत, तो गठ्ठा सोडून वरपासून खालपर्यंत सगळ्या तारखा बघत. उलटलेली दिसली की स्मरणपत्र. मग स्मरणपत्र क्रमांक दोन. गठ्ठा सोडायचा, बघायचा, पुन्हा बांधायचा. बहुतेक सोमवारी त्यात काहीच निघत नसे. मी एकदा विचारलं, की काही निघत नाही तर सोडता कशाला? ते गाठ मारत होते, उत्तर दिलं नाही. त्यांना मुळात प्रश्न ऐकू आला होता की नाही, कोण जाणे.

बदली झाली की ते चार-पाच दिवस घरी उशिरा यायचे. चार्ज द्यायचा असे. कुठल्या गठ्ठ्यात किती प्रकरणं, कशाची वाट बघतोय, याची यादी, तीन प्रतींत, येणाऱ्याची सही. आई चिडायची, “जाताय ना तिथून, आता त्यांचं ते बघतील.” एकदा मात्र त्यांना एका दिवसात सोडावं लागलं, यादी झाली नाही. त्यातलं एक विहिरीच्या अनुदानाचं प्रकरण त्यांच्या बोलण्यात अजून येतं. त्या माणसाचं पुढे काय झालं त्यांना ठाऊक नाही. मुद्दाम जाऊन विचारलं नाही, असंही ते सांगतात, आणि मग विषय बदलतात.

त्या आठवड्यात मी फोनवर आप्पांना आमची भानगड सांगायचा प्रयत्न केला. सर्व्हर, आवृत्ती, नोंद, रकाना. ते ऐकत होते की टीव्ही बघत होते ते कळत नव्हतं. मग म्हणाले, “म्हणजे चार्जच घेतला नाही म्हणा की.”

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. ती सेटिंग बदलायची, सर्व्हर बंद करून पुन्हा उठवायचे. आम्ही ते रात्री उशिरा केलं, कारण दिवसा सर्व्हर बंद करायची परवानगी मिळत नाही. करण्याआधी मला मोह झाला होता, ते सांगायलाच हवं. एखादी ओळ हातानं ढकलता येते, पडद्यावर तशी कळ असते. त्या आजोबांची तेवढी ढकलावी, बाकीचं सकाळी बघू, असं वाटलं. ओळखीच्या माणसाची फाइल गठ्ठ्यातून काढून वर ठेवावी तसं. माझ्या बाबतीत ती ओळख म्हणजे एक तीनदा ऐकलेलं वाक्य होतं. मी कळ दाबली नाही. तत्त्व वगैरे काही नाही, सर्व्हर तोवर बंद झाला होता.

आणि एका गोष्टीचा विचार आम्ही कुणीच केला नव्हता. महिनाभर तुंबलेल्या सहाशे ओळी. सगळ्यांची वेळ उलटून गेलेली. सर्व्हर उठले, जुनी नोंद घेतली, एक्झिक्युटर तक्त्यापाशी आला आणि त्याला दिसलं की सगळंच उचलायचंय. विश्रांती शून्य. तीन, तीन, तीन. लॉग पडद्यावरून नळाच्या धारेसारखा वाहू लागला, धाकट्यानं टाळी वाजवली, मीही हसले, आणि मग माझी नजर घड्याळाकडे गेली. पहाटेचे दोन वाजून पन्नास मिनिटं. प्रत्येक ओळीच्या टोकाला एक मेसेज होता. आम्ही त्या क्षणी सहाशे घरांतले फोन वाजवत होतो.

थांबवायला गेलो तोवर जवळजवळ सगळे सुटले होते. टायमर मोजतात ते ‘नंतर’. ते कितीही नंतर चालतं, वेळी-अवेळी असा भेद त्यांना नाही, तो आम्ही चित्रात काढायला हवा होता. आता काढला आहे, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात.

आमच्याकडे इंजिनिअरनं ग्राहकाशी बोलायचं नसतं. मी परवानगी मागितली, मिळाली, आणि कॉल सेंटरच्या मुलीनं मला मध्ये जोडून घेतलं. मी माझी ओळख सांगितली, झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी म्हटली. ते म्हणाले, “मॅडम, पहाटे तीनला मोबाइल वाजला. मंडळी घाबरून उठली. म्हटलं कोण गेलं? भावाला फोन लावला, त्याला उठवलं, तो ठीक. मग चष्मा शोधला आणि वाचलं.” थोडं थांबून, “बरं केलंत, कळवलंत.” हे टोमणा म्हणून होतं का, ते मला आवाजावरून ठरवता आलं नाही. मी सांगितलं की दवाखान्याला स्मरणपत्र गेलंय, कागद आला की दावा पुढे सरकेल आणि आम्ही तुम्हाला कळवू. शेवटचा शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय म्हणाले ते. पलीकडे कुकर नव्हता या वेळी, शांतता होती.

“नको,” ते म्हणाले. “आता मीच दर सोमवारी फोन करत जाईन. चालेल ना?”

मी माझा नंबर द्यायला नको होता. दिला.

पुढच्या सोमवारी सव्वादहाला फोन आला. काही प्रगती नव्हती, तेवढंच सांगितलं. “हरकत नाही,” म्हणाले आणि ठेवला. एका मिनिटाचंही बोलणं नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा सव्वादहा. कागद आला होता, डॉक्टरांच्या तपासणीत होता, सांगितलं. त्यांनी माझ्या गावाचं नाव विचारलं, बसस्टँडच्या मागचं हॉटेल अजून आहे का विचारलं. मला माहीत नव्हतं.

या सोमवारी फोन आला नाही. सव्वादहा झाले, साडेदहा झाले, मी मीटिंगमध्ये फोन उलटा न ठेवता सुलटा ठेवला. अकरा झाले. बाराच्या सुमाराला मीच दावा क्रमांक टाकून बघितलं. पैसे शुक्रवारीच जमा झाले होते.